जोडी चांगली की धुरकरी?

धानाचा चुरणा आटोपला, बांध्या कोरड्या पडल्या, की गोंदिया जिल्ह्यात पटाचे दिवस येतात. दिवाळीपासून मंडया भरत आलेल्या असतात, रात्री नाटकांचे तंबू जागे असतात, आणि दिवसा एखाद्या गावच्या शिवारात शंकरपट असतो. नांगरून-दाबून सरळ केलेली लांब धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, मध्ये हलका छकडा. जू मानेवर येताच बैलांचे कान उभे राहतात. धुरकरी छकड्यावर जवळजवळ आडवाच होतो, कासरा मुठीत, छाती पुढे. इशारा होतो. धुळीचा एक लोट या टोकाकडून त्या टोकाला जातो आणि मोजक्या सेकंदांत सगळं संपतं.

खरा पट सुरू होतो तो त्यानंतर, खर्रा घोटत बसलेल्या मंडळींमध्ये. एक म्हणतो, जोडीच भारी होती, कोणीही बसला असता तरी नंबर आला असता. दुसरा म्हणतो, असं कसं, हाच गडी मागच्या साली दुसऱ्या जोडीवर होता आणि तेव्हाही पुढेच होता. तिसऱ्याला खात्री असते की दोन बैलांतला एकच खरा पळतो, दुसरा नुसता सोबतीला धावतो. अंधार पडला तरी वाद मिटत नाही. मिटणार तरी कसा? तीच जोडी, तोच छकडा, तीच धावपट्टी, तीच वेळ आणि फक्त धुरकरी वेगळा, असा सामना पटात लागत नाही.

मोटार शर्यतीत तो लागतो. दर शर्यतीला लागतो.

फॉर्म्युला वनच्या गाड्या दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक संघ आपली गाडी आपण घडवतो. एखाद्या संघाची गाडी फेरीमागे एक सेकंद वेगवान असेल, तर मागच्या गाडीतल्या चालकाने जीव ओतला तरी तो पुढच्याला गाठू शकत नाही. म्हणून पहिला आलेला चालक सर्वांत चांगला आणि शेवटचा आलेला सर्वांत वाईट, असं म्हणता येत नाही. पण प्रत्येक संघाच्या गाड्या दोन. रंग तोच, इंजिन तेच, टायर तेच. त्यातल्या एका गाडीत एक चालक, दुसरीत दुसरा. जोडी एकच, धुरकरी दोन. त्यामुळे शर्यतीच्या दुनियेत चालकाची पहिली लढत प्रतिस्पर्धी संघाशी नसते, शेजारच्या गॅरेजमधल्या टीममेटशी असते. नोकरी टिकते किंवा जाते ती बहुधा याच हिशेबावर.

हा हिशेब कसा मांडतात आणि तो कुठे कुठे फसवतो, हे पाहायला महाराष्ट्रातलंच एक उदाहरण हाताशी आहे. जेहान दारुवाला, १ ऑक्टोबर १९९८ रोजी मुंबईत जन्मलेला. सहारा फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाने २०११ मध्ये देशभरातून होतकरू कार्टिंग चालक शोधले, त्या मोहिमेत निवडल्या गेलेल्या तीन मुलांपैकी तो एक. पुढे युरोपात गेला आणि फॉर्म्युला वनच्या अगदी दाराशी पोहोचला. दार उघडलं नाही. पण दाराशी जाईपर्यंतच्या वाटेवर त्याला जे टीममेट मिळाले, त्यांची नावं पाहिली तर त्याच्या नशिबाला काय म्हणावं, ते कळत नाही.

पहिलं मोठं नाव लॅन्डो नॉरिस. २०१७ मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्री स्पर्धेत दोघं कार्लिन या ब्रिटिश संघात होते. दोघांचाही त्या स्पर्धेतला तो पहिला पूर्ण हंगाम. नॉरिसने ३० शर्यतींपैकी नऊ जिंकल्या आणि विजेतेपद घेतलं. दारुवालाने जर्मनीत नॉरिसरिंगला एक शर्यत जिंकली आणि एकूण सहावा आला. आकडे पाहून कोणीही म्हणेल, मुलगा बरा आहे, पण पहिल्या रांगेतला नाही. मात्र तो नॉरिस २०२५ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. मागे वळून पाहिलं की तो सहावा क्रमांक थोडा वेगळा दिसू लागतो. फूटपट्टी बारा इंचांची आहे की अठरा इंचांची, हे माहीत नसेल तर मापाला अर्थ नाही.

२०१९ मध्ये दारुवाला इटलीच्या प्रेमा संघात गेला. फॉर्म्युला थ्रीचं नव्याने सुरू झालेलं जागतिक रूप, आणि प्रेमाच्या गाड्या तीन. हंगाम संपला तेव्हा पहिले तिन्ही क्रमांक प्रेमाचे होते. रॉबर्ट श्वार्टझमन २१२ गुण, मार्कस आर्मस्ट्राँग १५८, जेहान दारुवाला १५७.

दुसऱ्या आणि तिसऱ्यात एका गुणाचा फरक! अख्ख्या हंगामात एखाद्या शर्यतीत आठव्याऐवजी सातवा आला असता तरी चित्र बदललं असतं. अशा वेळी कोण चांगला, हे गुणतालिका सांगू शकत नाही, ती फक्त कोणाचं नाव आधी छापायचं ते सांगते. पुढच्याच वर्षी दोघं फॉर्म्युला टूमध्ये गेले, वेगवेगळ्या संघांत. तिथे दारुवालाचे ७२ गुण झाले, आर्मस्ट्राँगचे ५२. म्हणून क्रम उलटा झाला म्हणावं, तर संघही बदलले होते. श्वार्टझमनचं मात्र तेव्हाही नाणं खणखणीत वाजलं होतं. पुढे २०२५ मध्ये त्याने अमेरिकेतल्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पदार्पणातच पोल पोझिशन, म्हणजे सुटायची पहिली जागा, मिळवली.

दारुवालाच्या कारकिर्दीतला सगळ्यांत बोलका हंगाम फॉर्म्युला थ्रीनंतरचा, २०२० चा.

फॉर्म्युला टू ही फॉर्म्युला वनच्या खालची शेवटची पायरी. इथे सगळ्या संघांना सारखीच गाडी मिळते. सांगाडा इटलीच्या डल्लारा कंपनीचा, इंजिन मेकाक्रोमचं, टायर पिरेलीचे. संघाच्या हाती उरतं ते गाडीची मांडणी, टायरची आखणी आणि पिटमधली चपळाई. म्हणजे संघासंघांतला फरकही कमी, आणि एकाच संघातल्या दोघांतला तर आणखी कमी. त्या वर्षी कार्लिनने दोन्ही गाड्यांत नवखे बसवले. एका गाडीत दारुवाला, दुसरीत जपानचा युकी त्सुनोदा. दोघंही रेड बुलच्या युवा चालकांच्या ताफ्यातले, दोघांचाही फॉर्म्युला टूचा पहिलाच हंगाम. इतकी स्वच्छ तुलना क्वचित मिळते. शिवाय आदल्या वर्षीचा दाखला दारुवालाच्या बाजूने होता. फॉर्म्युला थ्रीत तो तिसरा होता आणि त्सुनोदा नववा. अर्थात त्सुनोदा प्रेमाच्या मानाने बऱ्याच लहान संघात होता, हे तेव्हा फार कोणी मोजलं नाही.

करोनामुळे हंगाम जुलैत ऑस्ट्रियात सुरू झाला आणि डिसेंबरात बहरीनमध्ये संपला. बारा फेऱ्या, चोवीस शर्यती. शेवटी त्सुनोदा तिसरा, २०० गुण. दारुवाला बारावा, ७२ गुण.

१२८ गुणांचा हा फरक आला कुठून? नुसत्या वेगाच्या फरकाने एवढी दरी पडत नाही. ती पडली तेव्हाच्या शनिवार-रविवारच्या रचनेमुळे. २०२० मध्ये शुक्रवारी पात्रता फेरी व्हायची, त्यात जो सर्वांत वेगवान त्याला पोल पोझिशन आणि चार गुण मिळायचे. त्सुनोदाने अशा चार पोल मिळवल्या, म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच सोळा गुण खिशात. शनिवारी मोठी शर्यत, पहिल्याला २५ गुण. पुढून सुटणाऱ्याला मोकळी हवा मिळते, त्याचे टायर जपले जातात. मागून सुटणारा गर्दीत अडकतो, पुढच्या गाडीच्या गढूळ हवेत त्याची गाडी घसरते, टायर तापतात, झिजतात, आणि मग तो आणखी मागे पडतो. शुक्रवारी दोन दशांश सेकंद कमी पडले की शनिवारी दहा जागा जायच्या, आणि शनिवारी दहा जागा गेल्या की रविवारचाही पाया ढासळायचा. धानाच्या बांधीत वरच्या बांधाला पाणी फुटलं की खालच्या चार बांध्यांचं गणित बिघडतं, तसा हा प्रकार. मोठा दिसणारा फरक मुळात लहान असू शकतो, आणि तो रचनेतून फुगत जातो.

तरीही, खरं सांगायचं तर, त्सुनोदा त्या वर्षी सरस होता. तीन विजय, चार पोल, आणि शेवटपर्यंत चढती कमान. रचनेने फरक फुगवला, पण निर्माण केला नाही.

आता त्याच हंगामाची शेवटची शर्यत जवळून पाहू. ६ डिसेंबर २०२०, रविवार, बहरीनमधला साखीरचा ट्रॅक. नेहमीचा वळणावळणांचा नाही, तर बाहेरच्या अंगाने जाणारा छोटा मार्ग, साडेतीन किलोमीटरचा. फेरी मिनिटभरात संपते, त्यामुळे श्वास घ्यायला जागा नाही. आदल्या दिवशीची मोठी शर्यत त्सुनोदाने जिंकलेली. पण रविवारच्या छोट्या शर्यतीचा नियम तेव्हा असा होता की शनिवारचे पहिले आठ उलट्या क्रमाने उभे राहायचे. पहिला आठव्या जागेवर, आठवा पहिल्या जागेवर. त्यामुळे विजेता त्सुनोदा मागे आठवा, आणि दारुवाला पुढच्या रांगेत. मिक शूमाखरही मैदानात होता, विजेतेपद पक्कं करायच्या ताणाखाली. सुरुवातीच्या रेटारेटीत त्याचे टायर खराब झाले आणि तो मागे गेला. अठरावा येऊनही शेवटी विजेतेपद त्याचंच झालं.  दारुवालाने टायर सांभाळत शर्यत जिंकली. या स्पर्धेला फॉर्म्युला टू हे नाव २०१७ मध्ये मिळालं, त्याआधी जीपी टू या नावाखाली करुण चंडोकने शर्यती जिंकल्या होत्या. नव्या नावाखालचा हा पहिला भारतीय विजय.

दुसरा कोण आला? त्सुनोदा. आठव्या जागेवरून.

तालिकेत त्या दिवशी दारुवालाला १५ गुण, त्सुनोदाला १२. पटातल्या वादासाठी याहून चांगला विषय मिळणार नाही. जिंकणारा जिंकला, त्यात उणं काढायचं कारण नाही, कारण पुढून सुटूनही हरलेले कितीतरी असतात. पण त्याच गाडीत मागून सहा गाड्या ओलांडून आलेल्याची कामगिरी काकणभर सरस म्हणायची की नाही? रेड बुलच्या हिशेबनिसांनी काय म्हटलं ते पुढच्या वर्षी दिसलं. २०२१ मध्ये त्सुनोदा फॉर्म्युला वनच्या अल्फाटौरी संघात होता आणि दारुवाला कार्लिनमध्येच.

त्या २०२१ च्या हंगामात नवा टीममेट आला, डॅन टिक्टम. दोघांचाही फॉर्म्युला टूचा दुसरा हंगाम. टिक्टम चौथा, १५९.५ गुण. दारुवाला सातवा, ११३ गुण. इथे फार सांगण्यासारखं नाही, त्या अर्ध्या गुणाशिवाय. सौदी अरेबियात जेद्दाहची मोठी शर्यत अपघातामुळे अर्ध्यावर थांबली आणि सगळ्यांना निम्मेच गुण मिळाले, म्हणून तालिकेत असे अर्धे गुण दिसतात.

पुढची दोन वर्षं मात्र अभ्यासाला बसावं अशी आहेत. कारण दोन्ही वर्षं टीममेट एकच होता, नॉर्वेचा डेनिस हाउगर, फॉर्म्युला थ्रीचा आदल्या वर्षीचा विजेता. २०२२ मध्ये दोघं प्रेमाकडे. दारुवाला सातवा, १२६ गुण. हाउगर दहावा, ११५ गुण. दारुवालाने मोन्झाची मोठी शर्यत जिंकली, हाउगरने दोन शर्यती जिंकल्या, मोनाको आणि बाकू. म्हणजे विजय हाउगरचे जास्त, गुण दारुवालाचे. कारण सरळ आहे. दारुवाला सातत्याने पहिल्या पाच-सहांत येत राहिला आणि थेंबे थेंबे तळं साचलं. पण एक गोष्ट तालिका सांगत नाही. दारुवालाचं हे तिसरं वर्ष होतं, हाउगरचं पहिलं. पिरेलीचे टायर कधी शाबूत राहतात आणि कधी एका फेरीत हात टेकतात, हे समजायला नवख्याला अर्धा हंगाम जातो. अनुभवी माणसाची नवख्यावरची अकरा गुणांची आघाडी खरंतर किती मोलाची, हे ज्याचं त्याने ठरवावं. रेड बुलने ठरवलं होतं. वर्षअखेरीस दारुवालाची त्या ताफ्यातली जागा गेली.

२०२३ मध्ये गंमत झाली. दोघंही एमपी मोटरस्पोर्ट या डच संघात गेले. तीच दोन माणसं, फॉर्म्युला टूत दोघांसाठीही संघ नवा. या वेळी हाउगर आठवा आला आणि दारुवाला पहिल्या दहाच्या बाहेर. म्हणजे गाडी सारखी, सोबती तोच, आणि निकाल उलटा. एका वर्षी तुम्ही ज्याला मागे टाकता, तो दुसऱ्या वर्षी तुम्हाला टाकतो. हाउगर पुढे अमेरिकेत गेला आणि २०२५ मध्ये तिथली इंडी नेक्स्ट स्पर्धा जिंकला. दारुवाला विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराती संघाकडून उतरला. तिथे त्याच्या शेजारी होता जर्मनीचा मॅक्सिमिलियन ग्युंटर, २०१७ च्या त्याच फॉर्म्युला थ्री हंगामात तिसरा आलेला. मार्च २०२४ मध्ये ग्युंटरने टोकियोची शर्यत जिंकली. दारुवालाच्या वाट्याला मोजकेच गुण आले.

नॉरिस, श्वार्टझमन, त्सुनोदा, हाउगर. यांच्या शेजारी उभं राहून मापून घ्यायचं, म्हणजे गावातल्या सगळ्यांत उंच भिंतीला पाठ लावून उंची मोजण्यासारखं आहे.

पण उंच भिंतही कायम उंच राहत नाही. दारुवालाला १२८ गुणांनी मागे टाकणारा त्सुनोदा २०२५ मध्ये रेड बुलच्या मुख्य संघात मॅक्स वेरस्टापेनच्या शेजारी जाऊन बसला. हंगामाच्या शेवटी वेरस्टापेनचे ४२१ गुण होते, त्सुनोदाचे चाळीसही नाहीत. म्हणून वेरस्टापेन दहापट चांगला, असं कोणी म्हणणार नाही. रेड बुलची गाडी वर्षानुवर्षं वेरस्टापेनच्या हाताला जुळेल अशी घडत गेली. तिचं पुढचं टोक इतकं तिखट की दुसऱ्याला ती आवरत नाही. त्याआधी त्याच जागेवरून न्यूझीलंडच्या लियाम लॉसनला दोन शर्यतींत उठवलं गेलं होतं. पटवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ज्या धुरकऱ्याने जोडी लहानपणापासून घडवली, तिला त्याच्या हाकेची सवय. नवा गडी त्याच छकड्यावर बसला तरी जोडी त्याची नसते. छकडा सारखा म्हणून सामना सारखा, असं नाही.

नुसते गुण किती फसवू शकतात, याचा भारतीयांना लक्षात राहील असा दाखला २००५ चा आहे. कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन त्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. पिवळ्या जॉर्डन गाडीत त्याचा टीममेट होता पोर्तुगालचा तियागो मोंतेइरो, तोही नवखा. हंगामअखेर मोंतेइरोचे ७ गुण, कार्तिकेयनचे ५. अगदी जवळची लढत वाटते. आता या गुणांचा जन्म पाहा. १९ जून २००५, अमेरिकेतलं इंडियानापोलिस. मिशेलिनचे टायर तिथल्या कलत्या वळणावर टिकणार नाहीत असं दिसल्यावर मिशेलिनवरच्या चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच गॅरेजमध्ये परतल्या. उरल्या ब्रिजस्टोनच्या टायरवरच्या सहा. दोन फेरारी, दोन जॉर्डन, दोन मिनार्डी. फेरारी पुढे गेल्या, त्यांच्या मागे मोंतेइरो तिसरा आणि कार्तिकेयन चौथा. सहा आणि पाच गुण. मोंतेइरोचा सातवा गुण बेल्जियममध्ये आठव्या क्रमांकाचा. म्हणजे दोघांच्या मिळून बारा गुणांपैकी अकरा गुण एका दुपारचे, आणि त्या दुपारी बाकीचे लोक खेळतच नव्हते.

मग त्या दोघांत सरस कोण? मोंतेइरोच्या बाजूने एक आकडा भक्कम आहे. १९ शर्यतींपैकी १८ त्याने पूर्ण केल्या. नवख्याने एवढ्या वेळा गाडी सुखरूप घरी आणणं, हे छोट्या संघाच्या मालकाला सोन्यासारखं. कार्तिकेयनचं बलस्थान पुढे दिसलं. ३० ऑक्टोबर २०११ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एचआरटी या मागच्या फळीतल्या संघाने त्याला तेवढ्या शर्यतीपुरतं बोलावलं. शेजारी होता बावीस वर्षांचा डॅनियल रिकार्डो, जो पुढे आठ ग्रां प्री जिंकणार होता. त्या दिवशी कार्तिकेयन सतरावा आला, रिकार्डो अठरावा. सतराव्या क्रमांकाला गुण नसतात, त्यामुळे तालिकेत याचा मागमूस नाही. पण महिनोन्‌महिने शर्यतीत न उतरलेला माणूस रिकार्डोच्या पुढे आला, हे टीममेटचं कोष्टक मांडणाऱ्यांनी टिपून ठेवलं.

नियमच कधी टीममेटच्या लढतीचा निकाल फिरवतो. १९८८ चं उदाहरण शाळेत गणिताच्या तासाला द्यावं असं आहे. मॅकलारेनच्या दोन गाड्या, एकीत आयर्टन सेना, दुसरीत अलाँ प्रॉस्ट. वर्षातल्या १६ पैकी १५ शर्यती या दोघांनी वाटून घेतल्या. पहिल्याला ९ गुण, दुसऱ्याला ६. प्रॉस्टने सात जिंकल्या आणि सातमध्ये दुसरा आला. ६३ अधिक ४२, एकूण १०५. सेनाने आठ जिंकल्या, एकूण कमाई ९४. जगज्जेता झाला सेना! कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या फक्त सर्वोत्तम अकरा शर्यती धरायच्या. प्रॉस्टचे अकरा निकाल म्हणजे सात विजय आणि चार दुसरे क्रमांक, ८७ गुण. सेनाचे आठ विजय आणि तीन दुसरे क्रमांक, ९० गुण. प्रॉस्टचे तीन दुसरे क्रमांक, अठरा गुण, कचऱ्यात गेले. आजच्या वाचकाला हे अन्यायाचं वाटेल. पण दोघांनाही नियम सुरुवातीपासून ठाऊक होता, आणि सेना त्याप्रमाणेच खेळला, दुसऱ्या क्रमांकावर समाधान न मानता.

याच मॅकलारेनचा २०२५ चा हंगाम अजून ताजा आहे. ऑगस्टच्या शेवटी नेदरलँड्समध्ये नॉरिसच्या गाडीतून तेल गळलं, ती थांबली, आणि टीममेट ऑस्कर पियास्त्रीची आघाडी ३४ गुणांची झाली. सगळ्यांनी पियास्त्रीचं नाव लिहून टाकलं. पुढच्याच शर्यतीत मोन्झाला पिटमध्ये नॉरिसचं चाक बसायला वेळ लागला, पियास्त्री पुढे गेला, तर संघाने त्याला रेडिओवरून सांगितलं की जागा परत दे. त्याने दिली. वर्षअखेर दोघांचे विजय सारखे, सात-सात. गुण मात्र नॉरिस ४२३, पियास्त्री ४१०, आणि मध्ये ४२१ घेऊन वेरस्टापेन. नॉरिस जगज्जेता. मोन्झातली ती जागा धरून ठेवली असती तरी पियास्त्री वाचला नसता, कारण नंतर तो स्वतःच चुकत गेला. पण त्या दुपारी संघाच्या आज्ञेने इकडचे गुण तिकडे झाले, आणि तालिकेत त्याची खूण कुठेच नाही.

अशा न दिसणाऱ्या गोष्टी हंगामभर घडत असतात. पिटमध्ये संघाची जागा एकच, दोन्ही गाड्या एकाच फेरीत आल्या तर मागची थांबते आणि तिचे सेकंद जातात. गाडीचा सुधारलेला भाग कारखान्यातून एकच तयार होऊन आला, तर तो कोणाच्या गाडीला लावायचा? एकाचं इंजिन तुटलं, त्याचे पंचवीस गुण कोणाच्या नावे लिहायचे? म्हणून जाणकार नुसते गुण पाहत नाहीत. आधी दोघांच्या पात्रता फेरीच्या वेळा शेजारी-शेजारी मांडतात, कारण तिथे नशिबाला वाव कमी. पावसाच्या, बिघाडाच्या फेऱ्या वगळतात. मग ज्या शर्यती दोघांनी पूर्ण केल्या तेवढ्याच घेऊन कोण किती वेळा पुढे आला ते मोजतात. त्यानंतर विचारतात, वर्ष कोणाचं कितवं? गाडी कोणाच्या हाताला जुळलेली? एवढं सगळं करूनही दोन जाणकारांचं एकमत होईलच असं नाही, आणि खरं तर त्यामुळेच रविवारी संध्याकाळी टीव्ही बंद झाल्यावरही गप्पा चालू राहतात.

इकडे पटाला मात्र मध्ये सात वर्षांचा खंड पडला होता. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. दरम्यान कित्येक जोड्या पळायच्या वयात येऊन उतरूनही गेल्या. त्यांची कोणाशीही तुलना आता होणार नाही. आज पुन्हा पौष-माघात गोंदियाच्या गावांत पट भरतात, घड्याळावर सेकंदाचे भाग मोजले जातात, माईकवरून वेळ पुकारली जाते.

मोटार शर्यतीच्या दुनियेत तालिका दोन असतात, एक चालकांची आणि एक संघांची. २०१९ च्या प्रेमाच्या संघतालिकेत श्वार्टझमनचे २१२, आर्मस्ट्राँगचे १५८ आणि दारुवालाचे १५७ मिळून ५२७ अशी एकच ओळ आहे. कार्लिनच्या २०२० च्या ओळीत २०० आणि ७२ मिळून २७२. कोणी किती ओढलं ते त्यात दिसत नाही. पटात इनामाला नाव पुकारलं जातं ते जोडीच्या मालकाचं. तो गर्दीतून पुढे येतो, फेटा सावरतो, गुलाल लावून घेतो, आणि धुरकरी मागे बैलांच्या अंगावरचा घाम पुसत उभा असतो.